धूर वाढवून द्या

तीस वर्षं मी धूर घालवायचं काम केलं.
उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
भट्ट्यांना ब्लोअर, बेकऱ्यांना चिमण्या,
पत्रा वाकवून, रिबिटा ठोकून
धूर वर, धूर बाहेर,
धूर दुसऱ्याच्या कौलावर.

आणि आता खराड्यांचा उदयसिंह
टेम्पोतून एक काळी पेटी उतरवतो.
कळंब्याच्या वाटेवर त्याचं नवं हॉटेल.
म्हणतो, "मामा, मशीन एक नंबर हाय,
पण मटणाला धूरच लागंना.
वाढवून द्या."

झाकण उघडलं.
एका अंगाला डबा, त्यात लाकडाच्या गोळ्या,
कोंबडीच्या खाद्यासारख्या.
खाली मळसूत्र, मोजून घास भरवणारं.
पंखा. आकडे दाखवणारी खिडकी.
आग इतकी शहाणी
की तिला ठसका म्हणून माहीत नाही.
राखसुद्धा चमचाभर.

"पोट भरल्याली आग धूर देत न्हाई,"
दस्तगीर मुल्लाणी म्हणाला.
मटण त्याच्या दुकानचं,
म्हणून स्टूल ओढून तोही बसलेला.
"जरा उपाशी ठेव तिला."

पहिल्या रविवारी आकडा उतरवला,
दोनशेवरून नव्वदवर.
मळसूत्र अडखळायला लागलं, आग चाचपडायला,
आणि फटीतून एक बारीक रेघ निघाली.
दस्तगीरनं तुकडा चघळला,
"कुणीतरी शेजारच्या घरात चूल पेटवलीय,
एवढंच कळतंय."

दुसऱ्या रविवारी मांडी फ्रिजमधून काढून
तशीच गार, ओलसर जाळीवर ठेवली.
गार अंगाला धूर बिलगतो,
तापल्यावर मग कुणाला जवळ करत नाही.
हे बरं झालं. पण बरंच.

तिसऱ्या रविवारी माझी अक्कल.
ओली बाभूळ घातली.
पांढरा, जाड, कापसाच्या गाठीसारखा धूर
सगळ्या गल्लीत घुसला,
समोरचा लेथवाला बादली घेऊन धावत आला,
आणि मटण असं कडू
की उदयसिंह कितीतरी वेळ नुसता पाणी पीत राहिला.

माझा बाप वडणग्याला गुऱ्हाळावर जळव्या होता.
चुलवाणाच्या तोंडाशी बसून
चिपाडं आत सारायची, रात्र रात्र.
धूर दिसला की त्याची मान खाली जायची.
धूर म्हणजे जाळ चुकला, काकवी रेंगाळली,
गुळव्या वरून शिव्या घालणार.
खोकत घरी यायचा.
मी शिकून पहिला पंखा केला तो त्याच्या चुलवाणासाठी.
जाळ स्वच्छ झाला, खोकला निम्मा झाला.
आठवड्याभरानं म्हणाला,
"पंखा झ्याक हाय रं,
पण आता घरला गेलो की
आपलंच कुत्रं भुंकतंय माझ्यावर."

चौथ्या रविवारी
वीतभर नळी घेतली, चाळीस भोकं पाडली,
आंब्याचा भुसा आणि त्याच गोळ्या ठासून भरल्या,
एका टोकाला पेटवलं, ज्वाळ धरली,
आणि फुंकून विझवली.
विझवली म्हणजे झोपवली.
मग नळी मटणाशेजारी ठेवून
झाकण लावलं आणि हात मागे बांधले.
तीस वर्षांत पहिल्यांदा
काही न करण्याचं काम.

धूर निघाला तो निळसर,
जवसाच्या फुलाचा असतो तसला,
दिसला म्हणेपर्यंत विरणारा.
चार तास.
दस्तगीरनं तुकडा तोंडात टाकला,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग दुसरा घेतला.
उदयसिंहानं पैसे विचारले.
नळीचे किती सांगायचे?
ऐंशी रुपये म्हणालो. तो भांडला, दोनशे दिले.

रात्री चालत घरी निघालो.
कोपऱ्यावरचं तांबडं कुत्रं,
गेली दोन वर्षं माझ्यावर गुरगुरणारं,
उठलं, शर्टाची बाही हुंगली,
आणि दारापर्यंत मुकाट सोबत आलं.

मटणाचाही वास असेल, म्हणा.