शेरीची चौथ

मार्च-एप्रिल बंदीचे. उम्म अल-कुवैनच्या बाजारात शेरी नाही,
फक्त आमच्या बर्फात, परवाना चिकटवलेल्या पेटीत,
गालावर निळ्या रेघा घेऊन एका कुशीवर पडलेली.
मी पोट चिरते, गाभोळी सोडवते,
टिपून घेते, तोलते.
फेब्रुवारीत होती सुतळीएवढी,
मार्चच्या मध्यावर करंगळी,
आणि आता, चैत्र लागताना,
आतडं बिचारं कोपऱ्यात सरकलेलं.

बुरोंडीला आई हीच तव्यावर टाकायची,
हळद, मीठ, आगळाचे चार थेंब.
गाभोळी म्हणजे चव, असं वाटायचं तेव्हा.
ती तारीख असते, हे इथे येऊन कळलं.

पाणी आज चोवीस अंशांवर.
ऑगस्टात हेच पस्तिशी गाठेल,
प्रवाळ पांढरंफटक पडेल,
त्याआधी पिलांना पोहता यायला हवं.
म्हणून ही अमावास्या, तिच्यामागचं हे उधाण,
दिवस बुडाल्यावर सुटणारी ओहोटी,
जी अंडी ओढून नेते
खडकावर टपलेल्या तोंडांपासून लांब.

ओबैद नाखवा (आमच्याकडेही नाखवाच म्हणतात)
सुकलेलं लिंबू चघळत दिवस मोजतो.
सुहैल उगवल्याला दोनशे चाळीस झाले, म्हणतो.
सुहैल म्हणजे आपला अगस्ती.
मी तिथी सांगते, तो मान हलवतो,
हिशेब दोघांचा एकाच खडकापाशी येतो.

प्रतिपदेला गेलो. इंजिन बंद, दिवा बंद.
काही नाही.
बीज. वारा. काही नाही.
तिजेला खाली सावल्या जमल्या,
फिरल्या, फिरल्या, आणि पांगल्या.
मी वहीत लिहिलं: पांगल्या.

चौथीला गजेंद्रचं विमान होतं.
दोन वर्षांनी, तीस दिवसांच्या व्हिसावर.
रजा मी जानेवारीत मागितली,
तेव्हा चंद्र बघायचं सुचलं नाही.
साहेबांनी कारण विचारलं, मी लिहिलं 'घरगुती'.

शारजाच्या विमानतळावर, कठड्याला टेकून,
ट्रॉल्यांत सुंभाने बांधलेला खोका शोधत होते,
फोन थरथरला. नाखव्याचा आवाज,
मागे होडीच्या कुशीवर पाण्याची थपथप:
"आल्या. सगळ्या. वर, एकदम वर.
सात मिनिटं. पाणी नुसतं दूध.
तू कुठे आहेस?"

मी तीनदा ऐकलं.
तिसऱ्यांदा ऐकताना तो समोर उभा,
बारीक झालेला, कानामागे नवे पांढरे केस,
अंगाला सुकटीचा आणि विमानातल्या साबणाचा वास.
"कुणाचा फोन?"
मला एकदम सांगता येईना.
"कामाचा," म्हटलं, आणि रडू आलं,
त्याला वाटलं त्याच्यासाठी.
तेही होतंच.

खाडीपाशी तो म्हणाला,
काच खाली कर, तुझा समुद्र बघू दे.
अंधार होता. दिसण्यासारखं काही नव्हतं.
तरी मी गाडी कडेला घेतली.
आठ वाजून दहा.
ओहोटी अजून चालू होती.