आम्ही की आपण

शेंद्र्याच्या धाग्याच्या कारखान्यात मी दुभाषी.
महिना अठ्ठावीस हजार, जाण्यायेण्याला कंपनीची बस.

ह्वांग साहेब बोलायला लागले की सगळे थांबतात.
चार नंबरचं मशीन, काल रात्री, तेल गळून,
एवढं झाल्यावर पार शेवटाला कळतं
थांबलं की पेटलं.
आपल्याही भाषेचं तसंच, क्रियापद मागच्या बाकावर.
म्हणून कोरियन मला जड गेली नाही.
आधी मालिका बघून, मग पुण्यात दोन वर्षं क्लास,
फी आईच्या शिलाई मशीनची.

अडते ती एकाच शब्दाशी.
उरी.
आपल्याकडे उरी म्हणजे काळजाशी धरलेलं.
त्यांच्याकडे उरी म्हणजे आम्ही. किंवा आपण.
त्यांना दोन्ही एकच. आपल्याला निवडावं लागतं
ऐकणारा आत, की उंबऱ्याबाहेर.
बायकोचा विषय निघाला तरी ते 'उरी' म्हणतात, आमची बायको.
पहिल्यांदा मी हे तसंच्या तसं सांगितलं
तर फिटर कचरू त्रिभुवन पाणी पिता पिता ठसकला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, समुद्र कुठंय?
म्हटलं, साहेब, बसनं रात्रभर.
जालन्याच्या बाजूच्या सपाट रानाकडं ते बघत राहिले.
त्यांच्याकडं म्हणे कुठंही उभं राहा, पुढ्यात डोंगर,
डोंगरामागं डोंगर, आणि मग पाणी.
मी शाळेतला नकाशासंग्रह नेऊन दाखवला.
त्यात छापलेलं, जपानचा समुद्र.
त्यांनी खिशातलं पेन काढलं, न बोलता खोडलं,
वर त्यांच्या लिपीत लिहिलं, पूर्व समुद्र.
समोर ओसाकाचे कुबोता सान भात खात बसलेले.
आमच्या गावात हे ट्रॅक्टरचं नाव, याची त्यांना फार गंमत.
त्यांनी बघितलं. ठेच्याची वाटी पलीकडं सरकवली.
ठेचा दोघांनी खाल्ला.
डोळ्यांतून पाणी आलं ते एकट्या कुबोता सानांच्या.

ह्वांग साहेबांचं गाव लसणाचं.
शेवटची पोरगी शहरात गेली तशी शाळा बंद पडली,
आता मैदानात मिरच्या वाळतात.
आई ऐंशीची, एकटी. व्हिडिओवर दिसते
ती नुसती कपाळ आणि वरची ट्यूबलाइट.
मुलगा सोलमध्ये, लग्न नको म्हणतो,
खोली एवढी की हात पसरले तर दोन्ही भिंती.
याचं भाषांतर मी कुणाला करून देत नाही.

एकदा त्यांना कायगावला नेलं, गोदावरीच्या पुलावर.
सांगितलं, अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज.
माझे पणजोबा डोक्यावर कापडाचा गठ्ठा बांधून
नाका चुकवून रात्रीचे पोहत यायचे.
मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात ती रेघ पुसली.
ते थबकले. अठ्ठेचाळीस? सप्टेंबर?
त्याच महिन्यात तिकडं उत्तरेला वेगळं सरकार उभं राहिलं
आणि रेघ पक्की झाली.
त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ रेघेच्या त्या बाजूला होता.
पाण्याकडं बघत म्हणाले, उरी
आणि क्रियापद आलंच नाही.

शुक्रवारी दुसऱ्या पाळीला लवकर बोलावलं, कॅन्टीनमध्ये.
ह्वांग साहेब उभे राहिले. हातात कागद नव्हता.
उरी, पुढच्या महिन्यापासून, दुसरी पाळी,
सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.
कचरूनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.
शेवटचा शब्द आला. मला तो सकाळपासून माहीत होता.
'आपण' म्हटलं तर खोटं,
न विचारता त्यांचे हात धरून
त्यांचंच बटण दाबल्यासारखं.
मी म्हणाले, आम्ही.
आम्ही दुसरी पाळी बंद करतोय.

त्या 'आम्ही'त मी कुठं उभी होते
ते बसमध्ये बसल्यावर कळलं.
सोमवारपासून कचरूची पाळी बदलली, माझ्याच बसला.
शेजारची सीट रिकामी होती.
चिकलठाण्यापर्यंत तो
ड्रायव्हरपाशी उभा राहिला.