डबल स्टँड

इलायस म्हणाला, शर्यतीच्या गाडीला स्टँड नसतो.
ती धावते, नाहीतर पडलेली असते.
मधलं काही नसतं.

हे तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हणाला,
मरोळ गावठाणात, क्रुसासमोरच्या अंगणात,
डाव्या गुडघ्यात नवी वाटी बसवून घेतल्यावर
दीड महिन्यानं.
गाडी त्याच्या मागे, भिंतीला टेकलेली, कायमची.
हँडलच्या रबराचा भिंतीवर काळा डाग,
रोज एकाच जागी डोकं टेकणाऱ्या म्हाताऱ्याच्या
तेलाचा असतो तसा.
तिला सरळ करायची तर तोल धरावा लागतो,
आणि तोल डाव्या पायात असतो.

मी वाद घातला नाही, टेप काढली.
वडाळा डेपोत एकतीस वर्षं बसगाड्यांखाली झोपलेल्या माणसाला
बोलण्यापेक्षा मोजणं बरं वाटतं.
इंजिनाच्या पोटापासून जमीन : साडेदहा इंच.
बुलेटचा स्टँड धरून पाहिला. तो हवेतच लोंबकळला,
बाकावर बसवलेल्या पोराच्या पायांसारखा.

मग दारूखाना.
इस्माईल खोत, मूळचा दाभोळचा, पाइपांच्या ढिगावर बसून
चहात बटर बुडवत होता.
मोडलेल्या कुठल्याशा जहाजाच्या जिन्याचा कठडा
त्यानं पायानंच पुढे ढकलला.
"समुद्रात राहून नाय गंजला,
तुमच्या मरोळात काय गंजतो!"

रविवारी तो सामान घेऊन आला.
टाकी उतरवली, पेट्रोल डब्यात काढलं,
शेजारच्या बर्थाबाईंनी वाळत घातलेले बोंबील आत नेले.
"हिला कान नाहीत," खालून इस्माईल म्हणाला,
"स्टँड अडकवायला बनवणाऱ्यानं कानच दिले नाहीत."
"ऐकायचं कोणाचं होतं तिला?" इलायस.
पाइप पातळ. एका दमात टाका घातला तर भोक पडतं.
थोडं शिवायचं, थांबायचं.
फुंकर नाही मारायची, आपोआप थंड होऊ द्यायचं.

मी इलायसला काळी काच दिली.
काच डोळ्यांसमोर धरून तो बराच वेळ
त्या एका हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिला.
मग काचेमागूनच बोलला :
"चांदिवलीची खाण. पंच्याऐंशी साल.
वर गेलो ना, तेव्हा घण थांबले होते.
पाथरवट मान वर करून.
परवा पोरीनं तिथून नेलं. टॉवर झालाय.
मी हवेत होतो, बरोबर त्याच उंचीवर
आता लोकांच्या गाड्या उभ्या असतात."

स्प्रिंग शेवटी. तीच खरी भांडकुदळ.
दोन इंच कमी पडते आणि हाताला येत नाही.
जुनी युक्ती : ती वाकवायची, वेढ्यांच्या फटीत
एकेक नाणं सरकवायचं, दुसऱ्या बाजूला वाकवायची, पुन्हा नाणी.
चलनातून गेलेल्या पावल्या इलायसच्या घरात
बिस्किटाच्या डब्यात होत्या. बारा लागल्या.
आकडा अडकला, स्टँड खाली ओढला,
आणि पावल्या खळखळ फरशीवर,
तीन रुपये, ज्यांचं आता काहीच येत नाही.

"ओढू नकोस," मी म्हणालो. "नुसता उभा राहा त्यावर."
तो उजव्या पायानं स्टँडवर उभा राहिला.
सगळं वजन दिलं. गाडी करकरली,
मागे सरकली, आणि चढली.

भिंत मोकळी झाली. डाग तेवढा राहिला.
मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर.
इलायसनं हातानं फिरवलं.
टायरच्या खाचेतून करड्या कचीचा एक खडा
टपकन पडला. कोणी उचलला नाही.
इस्माईल वायर गुंडाळत होता.

पावल्या मोजल्या तर अकरा.
बारावी चुलीमागे नाही, खुर्चीखाली नाही,
बर्थाबाईंच्या कोंबडीनं गिळली म्हणावं तर कोंबडी मजेत.
पण चाक फिरवलं की आत कुठेतरी
काहीतरी किणकिणतं.

"काढू का शोधून?" मी विचारलं.
"मना नको," तो म्हणाला,
आणि पुन्हा फिरवलं.