न

दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत, करकरत्या पंख्याखाली,
उरकुडे नावाच्या पोरसवदा डॉक्टरनं
माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली. म्हणाला, उघडा.
उघडलं. कट्.
मिटा. कट्.
इथं सांधा असतो, बाई. सगळ्यांनाच.
पन्नास वर्षं माझ्याजवळ होता,
ओळख आज झाली.

मला वाटलेलं, दाढ असेल. नाहीतर कान.
महिनाभर तर्री-पोह्यातले हरभरे
बशीच्या काठाला लावून ठेवत होते.

जिल्हा न्यायालयात स्टेनो आहे मी, बावीस वर्षं.
साक्षीदार बोलतात, वकील बोलतात, साहेब बोलतात,
मी लिहिते.
निकाल लागतो, माणसं पायऱ्यांवर बसून रडतात,
मी पुढचं पान लावते.
निखारे बाई, आज जरा थांबाल? हो.
वहिनी, आई याही महिन्यात तुमच्याकडेच? हो.
घराच्या कागदावर फक्त तुमची सही लागते. हो.

मे महिन्याच्या रात्री, कूलरच्या घरघरीवरून,
लेकीला ऐकू येतं.
का वं आई, झोपेत खडे चावतेस काय?
दातओठ खाणं
मी आजवर नुसता वाक्प्रचार समजत होते.
उरकुडेनं आरसा धरला :
दाढांचे कंगोरे झिजून सपाट,
जुन्या पायरीसारखे.

ताण आहे का काही?
नाही, म्हटलं मी.
कट्, म्हणाला सांधा.
उरकुडे हसला नाही. केसपेपरवर काहीतरी लिहिलं.
मला त्याचं अक्षर लागलं नाही. मला!

मग म्हणाला, मऊ खा. गरम पाण्यानं शेका.
जांभईला हनुवटीखाली मूठ धरा.
रात्री लावायला साचा देतो, दात त्याला चावतील, एकमेकांना नाही.
आणि दिवसातून आठवेल तेव्हा
'न' म्हणा.
न?
फक्त न. जीभ टाळूला, दात सुटे.
जबडा तेवढ्यापुरता
खुर्चीत बसतो.

मेडिकल चौकातून ऑटोत बसले. न. न.
काय म्हणता, ताई? आरशातून ऑटोवाला.
काही नाही बा, औषध घेते आहे.

अजनीच्या पुलावर फोन वाजला. दीर.
वहिनी, उद्या रजिस्ट्रार ऑफिसला अकरा वाजता, जमेल न?

न,
म्हटलं मी.

हॅलो? हॅलो? आवाज येत नाही, वहिनी.

जीभ टाळूलाच होती.
दात सुटे.
पुढचं अक्षर
अजून यायचं होतं.