भुताची सावली

म्हापशात, बेकरीच्या माडीवर
शिकतोय मी भूत बसवायला.
"सावली दे तिला," रेजिनाल्ड सर म्हणतात.
भुताला कुठली सावली?
"नाही दिलीस तर तरंगेल. मग कोण घाबरतंय!"

दिला पायांखाली थोडा काळोख.
केसांच्या कडेचा हिरवा धुवून काढला,
विहिरीच्या शॉटमधला ग्रेन
तिच्याही अंगावर पेरला.

राहिला आग्नेल.
नखशिखांत हिरव्या कपड्यात,
तिचा पदर वाऱ्यासारखा उचलणारा.
तीन रात्री पुसतोय त्याला,
फ्रेममागून फ्रेम.
कोपर तेवढं जात नव्हतं.

आज सकाळी खाली पोई घ्यायला आला.
"खंय तरी दिसतां मरे हांव?"
नाही, म्हटलं.
आणि माझी नजर
त्याच्या पायांशी गेली.