नखाची खूण

रास अल खैमाच्या औद्योगिक वस्तीत
सहाव्या गल्लीच्या टोकाला आमचं दुकान.
जुलैत दुपारी शटरला हात लावायचा तर फडकं लागतं.
त्या शटरखाली उभा राहून उबैद अल शिही म्हणाला,
बर्फात चालेल असा टायर दाखव.

मी हसलो नाही. गिऱ्हाइकाला हसू नये
हे खेडच्या बाजारात, मामाच्या चपलांच्या दुकानात शिकलोय.
पण मागे मुकादमच्या हातातला पाना थांबला
आणि कंप्रेसरने नेमका तेव्हाच दम सोडला.

बाहेर उन्हात त्याची चारचाकी दुचाकी,
म्हणजे हँडल मोटरसायकलचं, चाकं चार.
सीटवर ओलं गोणपाट,
पाठीला चाऱ्याचा भारा, पाण्याचे दोन कॅन.
वर डोंगरात त्याच्या शेळ्या,
बापाने रचलेले दगडी बांध,
आणि खाली यायला तयार नसलेला थोरला भाऊ.

मी एकेक टायर काढून फरशीवर मांडला.
हा वल्ह्यांचा. वाळूत राजा,
खडकावर आठवड्यात बोडका.
हा कडक. कोरड्या वादीतली खडी चावून खाईल,
पण गारठ्यात दगड होतो,
आणि दगडावर दगड काय धरणार?
हा मऊ. थंडीत चिकटून चालेल,
तुमच्या उन्हात मात्र गुळाची ढेप,
दोन उन्हाळ्यांत अर्धा रस्त्याला लागलेला.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,
हे अरबीत कसं सांगायचं?
माझी अरबी आकड्यांपुरती,
त्याची हिंदी सिनेमापुरती.

वर्षातून किती दिवस पडतो बर्फ?
त्याने एक बोट वर केलं.
मग तेही अर्धं मिटलं.
दर वर्षी नाही. नऊ वर्षांमागे एकदा,
पहाटे, गारा, आणि गारांवर पांढरं काही,
मिठाचं पोतं फुटल्यासारखं.
खालून लोक फोटो काढायला आले होते.
हा औषध घेऊन वर चालला होता,
भावाच्या छातीत कफ दाटलेला.
शेवटच्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरली.
त्याने तळहात गोल फिरवून दाखवला
आणि गोष्ट पुढे गेली तरी
तो हात फिरतच राहिला.
मग?
मग बुटांना दोरी गुंडाळली, म्हणाला. चाललो.

मुकादम उठला. श्रीवर्धनचा, तीस वर्षं याच गल्लीत,
बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला.
प्रत्येक टायरात त्याने अंगठ्याचं नख रोवलं
आणि खूण किती वेळ राहते ते बघत बसला,
भाताचं शीत दाबून बघावं तसा.
शेवटी कोपऱ्यातला एक ओढला.
सहा पदरी. गट्टे खोल, दाटीवाटीचे,
प्रत्येकाच्या माथ्यावर ब्लेड फिरवल्यासारख्या चिरा.
उन्हात हा पहिल्या नंबरचा नाही, म्हणाला,
बर्फातही नाही.
पण दोन्हीकडे तोंड लपवणार नाही.
त्या दिवशी हवा थोडी सोड,
मांडी घालून बसू दे त्याला.

कडेला चार आकडे असतात,
कितवा आठवडा, कुठलं साल.
मुदत सरली की इथे धडधाकट टायरही उतरवतात.
मुकादमच्या कार्डाची मुदत फेब्रुवारीत.
आकडे त्यानेच मोठ्याने वाचले.

उबैदने चार घेतले, तासभर घासाघीस करून,
वर व्हॉल्वची टोपणं फुकट.

संध्याकाळी बघतो तर
मुकादम समोरच्या मासळीवाल्याकडून
पिशवीभर बर्फ घेऊन आलेला.
त्याच जातीचा एक टायर उरला होता,
त्यावर पिशवी ठेवून, गुडघे मुडपून, तो बसला.
नख रोवलं. पुन्हा रोवलं.
फरशीवर पाण्याचा ओघळ माझ्या खुर्चीपर्यंत आला.

काय म्हणतो रबर?
थांब, म्हणाला,
तो गार व्हायच्या आत हाच वितळतोय.
उद्या दोन पिशव्या आणू.