येळवस

माझ्या माहेरी, माणदेशात,
ही अमावस्या नुसती अमावस्या होती,
काळी, प्रवासाला वाईट.
इथं, मैंदर्गीच्या पुढं,
पहिल्याच मार्गशीर्षात नीलव्वांनी पहाटे तीनला उठवलं,
पुढ्यात तूर, वाल, ओला हरभरा ओतला,
"सोल."
मी विचारलं, लग्न कुणाचं?
"लग्न कवाच झालं. रानाला दिवस गेलेत.
ज्वारी पोटऱ्यात आलीय, दिसली नाही?"
माझ्या पोटाकडे मात्र त्यांनी बघितलं नाही,
पुढची आठ वर्षं.

आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं
की मागं वळून बघायचं नसतं.
कडब्याच्या पेंढ्यांची खोप,
आत चुन्यानं पांढरे केलेले पाच पांडव,
मधला जरा टवका उडालेला, रोटाव्हेटरनं.
शिवपुत्र पुढं, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत,
चारी बांध,
होलगे होलगे सालम पोलगे
मी मागनं विचारलं, म्हणजे काय?
नवरा थांबला. आठवेना, की माहीतच नव्हतं.
खोपीतनं नीलव्वा ओरडल्या,
"अर्थ मागनं. आधी चल, रान उपाशी आहे."

त्यांना जाऊन आता तिसरं वर्ष.
यंदा भज्जीत लसूण कमी पडला.
कुणी बोललं नाही,
मैनुद्दीन चाचांनी फक्त मीठ मागितलं,
मीठ बरोबर असताना.
गावात नुसती कुलुपं आणि एक म्हातारं कुत्रं.
बाराच्या सुमाराला बांधावर
अक्कलकोट डेपोचा कंडक्टर उभा,
नवा, वाशीमकडचा, तिकिटाचं मशीन गळ्यात.
"ताई, झालं काय गावांना?
तीन थांबे, एक पॅसेंजर नाही!"
ड्रायव्हर दुधनीचा.
तो विहिरीवर हात धुऊनच आला होता.

बाजरीचे उंडे, भज्जी, वरनं शेंगातेल.
तिसरा गडू आंबील पिताना
कंडक्टर बांधाकडे बघत राहिला,
पोरं ओरडत पळत होती.
"हे काय म्हणतात हो? म्हणजे काय?"
शिवपुत्रनं माझ्याकडे बघितलं.
"अर्थ मागनं," मी म्हटलं, "आधी अजून एक उंडा घ्या,"
आणि उगाच खोपीत डोकावले.

संध्याकाळच्या फेरीला तीच गाडी.
दिवा लावायला मी पुढं निघाले,
रिकामं मडकं शेजारच्या सीटवर.
कंडक्टरनं माझं तिकीट काढलं, अर्धं,
मग मडक्याकडे बघितलं.
"सामान आहे का?"
"देव आहे," ड्रायव्हर म्हणाला, "पास आहे त्याला,"
आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

येताना वळून बघितलेलं चालतं,
हे नीलव्वांनीच कधीतरी सांगितलं होतं.
मागच्या काचेतनं
आमच्या ज्वारीच्या कडेनं हेंडगा पळत होता,
कोण घेऊन पळतंय ते दिसत नव्हतं,
नुसता जाळ,
बांधाच्या वळणाला वळणारा.